बेरीज जुळली, गाड्या चुकल्या: रस्त्यात पुरलेल्या मोजणी-लूपचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

शहरात शिरणारा एक मुख्य रस्ता. मधोमध दुभाजक, दोन्ही दिशांना दोन-दोन लेन आणि कडेला डांबरी बाजूपट्टी. रस्ता ज्या कार्यालयाच्या ताब्यात होता त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न होता: हा रस्ता रुंद करायचा, की शहराबाहेरून वळणरस्ता काढायचा? दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे होती आणि दोघांकडेही वाहनांचे आकडे होते. ते आकडे मात्र एकमेकांशी जुळत नव्हते.

जुळणार तरी कसे? एक मोजणी रबरी नळ्या टाकून आठवडाभर केलेली, दुसरी माणसे बसवून तीन दिवसांची. एक सुट्टीच्या हंगामातली, दुसरी ऐन कामाच्या दिवसांतली. थोड्या दिवसांच्या मोजणीवरून वर्षाची सरासरी दैनिक वाहतूक काढायची तर वाराचे आणि महिन्याचे गुणक लावावे लागतात, आणि ते गुणक वर्षभर चालणाऱ्या एखाद्या कायम केंद्रावरूनच मिळतात. त्या परिसरात असे केंद्र नव्हते. म्हणून ठरले, की याच रस्त्यावर ते उभारायचे. मोजणी लेननुसार, तासानुसार आणि वाहनाच्या प्रकारानुसार हवी होती.

आम्ही सल्लागार होतो. जागा, आराखडा, देखरेख आणि शेवटची पडताळणी आमच्याकडे. रस्ता कापून तारा घालण्याचे काम ठेकेदाराकडे. या लिखाणातून जागा आणि माणसे यांची ओळख काढून टाकली आहे. चुका जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक आमच्या आहेत.

अडचण

कागदावर काम सरळ दिसत होते. संध्याकाळी रस्त्यावर उभे राहिल्यावर तसे वाटेना. दुचाकींचे प्रमाण मोठे, आणि दुचाकीस्वार लेनच्या मधून चालण्यापेक्षा दोन लेनमधल्या पांढऱ्या पट्टीवरून किंवा सरळ बाजूपट्टीवरून जाणे पसंत करत. कारवालेही पट्टी मानत होतेच असे नाही. शहराच्या बाजूला सिग्नलचा चौक होता आणि गर्दीच्या वेळी तिथून मागे रांग लागत असे.

त्यात वीज होती ती फक्त चौकाजवळ. सिग्नलच्या खांबाशेजारी मोजणीयंत्राच्या कॅबिनेटला जागा होती, मीटर होता, सगळे होते. चौकापासून दूर जायचे तर केबल ओढा किंवा सौर पॅनेल लावा. रस्ता कापायला परवानगी रात्री अकरा ते पहाटे पाच एवढीच, तीही एका वेळी एकच लेन बंद ठेवून.

लूप नेमके काय मोजतो

हा भाग माहीत असलेल्यांनी सोडून दिला तरी चालेल. पण पुढची सगळी गडबड इथूनच निघाली, म्हणून लिहितो.

रस्त्यात कटरने चौकोनी खाच कापतात, तिच्यात इन्सुलेटेड तारेचे तीन-चार फेरे घालतात आणि वरून सीलंट भरतात. या तारेतून साधारण १० ते २०० किलोहर्ट्झ वारंवारतेचा प्रवाह सोडलेला असतो. वाहन वर आले की त्याच्या धातूत भोवरा-प्रवाह निर्माण होतात, लूपचा इंडक्टन्स (तारेच्या फेऱ्यांचा प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) घटतो आणि वारंवारता थोडी वाढते. कॅबिनेटमधले डिटेक्टर कार्ड ही वाढ पकडते. लोखंड असल्यामुळे इंडक्टन्स वाढायला हवा, अशी शंका अनेकांना येते. तो परिणामही होतो, पण या वारंवारतेला भोवरा-प्रवाहांचा परिणाम त्याच्यावर मात करतो.

म्हणजे लूप गाडी मोजत नाही. तो एवढेच सांगतो, की अमुक क्षणी वर धातूचा पत्रा आला आणि अमुक क्षणी गेला. त्याला ‘एक वाहन’ म्हणायचे की नाही, हे पुढे आपण ठरवतो. कारमुळे होणारा बदल काही टक्क्यांचा असतो, लहान दुचाकीमुळे होणारा टक्क्याच्या दशांशात. उंच ट्रेलरचा सांगाडा जमिनीपासून इतका वर असतो, की मधला भाग लूपला दिसतच नाही. ढोबळ नियम असा, की लूपच्या लहान बाजूच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत त्याची नजर पोहोचते. नेहमीच्या १.८ मीटर चौकोनी लूपला ती साधारण १.२ मीटर मिळते. त्यापेक्षा उंच सांगाडा असला की पुढचे धूड एक वाहन आणि मागची चाके दुसरे वाहन, असे दोन आकडे पडू शकतात.

एका लेनमध्ये एकामागे एक दोन लूप घातले की वेग मिळतो आणि वेगावरून लांबी मिळते. समजा दोन लूपच्या पुढच्या कडांमध्ये ४.५ मीटर अंतर आहे आणि गाडी पहिल्यावरून दुसऱ्यावर ०.३ सेकंदात पोहोचली. वेग झाला सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. ती लूपवर ०.४२ सेकंद दिसत राहिली, म्हणजे ६.३ मीटर, त्यातून लूपची लांबी १.८ वजा केली की उरले ४.५ मीटर. कार. या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: दोन्ही लूप ओलांडेपर्यंत गाडीचा वेग बदलत नाही.

समोरचे पर्याय

रबरी नळ्या कायमच्या कामाच्या नाहीत. त्या फाटतात, सुटतात, आणि वाहन त्यांच्यावर थांबले की हिशेब बिघडतो. व्हिडिओवरून मोजणी कार्यालयाला नको होती. अंधार, धुके, कॅमेऱ्याची काच पुसायला कोण जाणार, ही त्यांची कारणे, आणि ती खोटी नव्हती. खांबावरचा रडार आम्हाला आवडला होता, कारण रस्ता कापावा लागत नाही. पण कडेला उभ्या केलेल्या रडारला जवळच्या लेनमधल्या उंच वाहनामागे पलीकडची गाडी दिसत नाही.

रस्त्यातल्या सेन्सरांमध्ये मॅग्नेटोमीटर पुढे होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात गाडीमुळे होणारा बदल ते टिपतात. डांबरात साधारण १० सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडून सेन्सर पुरला की झाले, केबल नाही, काम काही मिनिटांचे. बॅटरी संपली की पुन्हा रस्ता उकरावा लागणार, याला कार्यालयाचा विरोध होता. पिझो पट्ट्या, म्हणजे चाकाच्या दाबाने विजेचा संकेत देणाऱ्या पट्ट्या, घातल्या तर वाहनाचे आस मोजता येतात आणि वर्गीकरण खूप सुधारते. पण पट्टी रस्त्याच्या पृष्ठभागाशी तंतोतंत सपाट बसवावी लागते, आणि इथला डांबराचा थर चाकांखाली किंचित दबलेला होता.

उरला लूप. १९६०च्या दशकापासून वापरात असलेला, सगळ्यांना माहीत असलेला, ठेकेदाराचा हात बसलेला. प्रत्येक लेनमध्ये दोन, असे आठ लूप ठरले. ‘माहीत असलेला’ हे कारण आम्ही तेव्हा जरा जास्तच मोठे मानले. वाहन ओळखायच्या आद्य प्रयत्नांपैकी एक १९२८ साली बाल्टिमोरमध्ये झाला होता. चार्ल्स ॲडलर यांनी असा सिग्नल बसवला, की गाडीवाल्याने खांबाजवळ थांबून हॉर्न वाजवला की दिवा बदलायचा. आज त्याचे हसू येते. तो सिग्नल गाडीऐवजी आवाज ओळखत होता. आमचा लूप धातू ओळखतो. दोघांनाही गाडी म्हणजे काय ते ठाऊक नाही.

जागेचा निर्णय

पहिला आणि सगळ्यात महाग निर्णय हाच ठरला.

नियम सगळ्यांना पाठ होता: मोजणीची जागा चौकापासून दूर, वाहने सरळ आणि एकसारख्या वेगाने जात असतील अशा ठिकाणी. आमच्या पहिल्या आराखड्यात ती चौकापासून सुमारे अडीचशे मीटरवर होती. पण तिथपर्यंत वीज नाही. कॅबिनेट चौकातच ठेवून लूपची केबल तिथवर न्यायची तर आणखी एक पंचाईत. ही जोडकेबल दर मीटरला साधारण ०.७ मायक्रोहेन्री इंडक्टन्स वाढवते. अडीचशे मीटरला ते पावणेदोनशेच्या आसपास जाते. तीन फेऱ्यांच्या १.८ मीटर लूपचा स्वतःचा इंडक्टन्स सुमारे ७५, चार फेऱ्यांचा सुमारे १२५. केबलच लूपपेक्षा भारी झाली, तर दुचाकीचा बारीक बदल त्यात विरून जाणार.

बैठकीत यावर तोडगा निघाला, आणि तोडगा म्हणून तो सगळ्यांना पटला: चौकापासून सत्तर मीटर. केबल आटोक्यात, वीज जवळ, नकाशावर चौकापासून सुटे दिसणारे अंतर. आमच्यातल्या एकाने विचारले, की रांग किती मागे येते? उत्तर मिळाले, “कधीकधी येते तिथपर्यंत.” त्या ‘कधीकधी’ला आम्ही पुढे प्रश्न विचारला नाही. एक संध्याकाळ तिथे उभे राहिलो असतो तरी पुरले असते. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा सकाळी.

दोन रात्रींचे काम

पहिली रात्र चांगली गेली. शहरातून बाहेर जाणाऱ्या बाजूच्या आतल्या लेनमध्ये आणि शहरात येणाऱ्या बाजूच्या दोन्ही लेनमध्ये खाचा कापल्या, सुमारे ७ सेंटिमीटर खोल. कोपरे काटकोनात न ठेवता तिरके कापले. काटकोनात तार वळवली की कडेवर तिचे इन्सुलेशन घासून फाटते आणि ते कळते वर्षभराने. खाचेतला चिखल पाण्याने धुऊन काँप्रेसरच्या हवेने वाळवला. तार हाताने दाबून बसवली, टोकदार हत्याराने कधीही नाही. मध्येमध्ये फोमच्या दोरीचे तुकडे ठेवले, म्हणजे सीलंट ओतताना तार वर तरंगणार नाही. खाचेपासून कडेच्या चेंबरपर्यंत दोन्ही टोकांना घट्ट पीळ दिला, मीटरला पंधरा-सोळा पीळ. हे पीळ देणे कंटाळवाणे काम आहे आणि नेमके तेच टाळले जाते. सैल तार बाहेरचा विद्युत गोंगाट ओढून घेते.

दुसऱ्या रात्री एक वाजता भुरभुर पाऊस आला. वीस मिनिटांत थांबलाही. एका लेनची, बाहेर जाणाऱ्या बाजूच्या कडेच्या लेनची, खाच तेव्हा उघडी होती. काँप्रेसर फिरवला, वरवर कोरडी झाली. मिस्त्रींनी खाचेत बोट घालून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, तळाला ओल आहे. आज भरलं तर वर छान दिसेल, पण सीलंट डांबराला धरणार नाही.”

घड्याळात पावणेतीन झाले होते. तार न घालता नुसती खाच भरून घ्यायची तर ती लेन बंद ठेवायला पुन्हा एका रात्रीची परवानगी लागली असती, आणि ती मिळायला किती दिवस जातील ते कोणी सांगू शकत नव्हते. आम्ही आणखी एकदा हवा मारायला सांगितले आणि भरून घेतले. मिस्त्री पुढे काही बोलले नाहीत. सही आमची होती.

त्याच घाईत आणखी एक गोष्ट राहिली. प्रत्येक लूपची मोजमापे दोनदा घ्यायची असतात, सीलंट भरण्याआधी आणि नंतर: इंडक्टन्स, तारेचा रोध, आणि मेगर या इन्सुलेशन तपासायच्या उपकरणाने ५०० व्होल्टवर जमिनीपासूनचे इन्सुलेशन. ते १०० मेगओहमच्या वर असावे. त्या लेनच्या दोन्ही लूपची भरल्यानंतरची मोजमापे घ्यायची राहिली, कारण पाचच्या आत शंकू उचलायचे होते. तक्त्यात तिथे रेघ ओढली गेली.

पहिली पडताळणी

दहा दिवसांनी स्वीकृती चाचणी झाली. सकाळी दहा ते बारा, दोन माणसे हातात काउंटर घेऊन, दोन दिशा. एकूण आकडा यंत्राच्या आकड्याशी उत्तम जुळला. अहवालात जीईएच निर्देशांकही टाकला. लंडनमध्ये १९७०च्या दशकात जेफ्री हेव्हर्स यांनी सुचवलेले हे सूत्र वाहतुकीच्या प्रतिमानात काढलेला तासाचा आकडा प्रत्यक्ष मोजणीच्या किती जवळ आहे ते पाहण्यासाठी वापरतात. उत्तर ५ च्या खाली आले की जुळणी चांगली मानतात. आमचे उत्तर त्याच्या कितीतरी खाली होते.

हे सूत्र सेन्सर तपासायला वापरणे हीच मुळात चूक. प्रत्यक्षात हजार गाड्या गेल्या आणि यंत्राने नऊशे मोजल्या, तर जीईएच येतो ३.२४. म्हणजे दहा टक्के गाड्या गायब होऊनही परीक्षा पास. त्या दिवशी ते कोणाच्या लक्षात आले नाही. कागदांवर सह्या झाल्या.

शंका कुठून आली

तिसऱ्या महिन्यात कार्यालयातल्या एका नव्या अभियंत्याने आम्हाला फोन केला. तिने तासानुसार तक्ते मांडले होते. तिचा प्रश्न असा होता: “संध्याकाळी सहा ते आठ अवजड वाहनांना शहरात यायला बंदी आहे. मग तुमच्या आकड्यांत नेमके तेव्हाच ट्रक का वाढतात?”

आम्ही आधी बंदी मोडली जात असेल असे म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, “रोज? आणि फक्त येणाऱ्याच बाजूला?”

आम्ही त्या संध्याकाळी जाऊन उभे राहिलो. सहा वाजून पाच मिनिटांनी रांग आमच्या लूपवरून मागे गेली होती. कार पहिल्या लूपवर येत होती, दोनांच्या मध्ये मंदावत होती, दुसऱ्यावर थांबत होती. यंत्राच्या लेखी ती कधी बारा मीटरची होती, कधी वीस. नंबरप्लेटला नंबरप्लेट चिकटवून उभ्या दोन कार मिळून एक ट्रक होत होता. काही वाहने इतका वेळ थांबत, की कार्ड त्यांनाच रिकामा रस्ता समजून स्वतःला नव्याने जुळवून घेत असे. वेग न बदलण्याचे ते गृहीतक आमच्या डोळ्यांसमोर मोडत होते, रोज दोन तास.

गाडीगणिक तपासणी

मूळ नोंदी पाहाव्या म्हटले तर त्या नव्हत्या. साठवणीची जागा वाचावी म्हणून आम्ही यंत्राला पंधरा-पंधरा मिनिटांच्या बेरजा ठेवायला सांगितले होते. प्रत्येक गाडीची वेळ, सिग्नलची ताकद, लांबी, सगळे पुसले गेले होते. ती सेटिंग बदलली, तात्पुरता कॅमेरा लावला आणि एका दिवसाचे चित्रण गाडीगणिक नोंदींशी जुळवायला घेतले. कंटाळवाणे काम होते. दोन माणसांना बरेच दिवस लागले.

सकाळच्या वेळेतही, म्हणजे रांग नसतानाही, चित्र बरे नव्हते. लेन साडेतीन मीटरची, लूप १.८ मीटर रुंद आणि लेनच्या मधोमध. म्हणजे शेजारच्या दोन लूपमध्ये १.७ मीटरची मोकळी वाट उरते. दुचाकीला ती हमरस्त्यासारखी. ती तिथून जायची आणि दोन्ही लूपना पत्ता नसायचा. बाजूपट्टीवर तर लूपच नव्हता. उलट पट्टीवर चाके ठेवून जाणारी मोठी गाडी दोन्ही लूपना थोडी थोडी दिसायची आणि दोनदा मोजली जायची. ट्रेलर फुटून दोन होत होते.

समजायला सोपे जावे म्हणून गोल आकडे घेतो. हे त्या रस्त्याचे नव्हेत. शंभर वाहने गेली. बारा दुचाकी दिसल्या नाहीत. सात गाड्या दोनदा मोजल्या, चार ट्रेलर दुभंगले. यंत्र म्हणते नव्याण्णव. स्वीकृतीच्या दिवशी आमच्याकडे जे ‘उत्तम’ आले होते ते या जातीचे होते. एका चुकीने दुसरीवर पांघरूण घातले होते, आणि आम्ही पांघरुणाची लांबी मोजून समाधानी झालो होतो.

मधल्या काळात ठेकेदाराने परस्पर एक प्रयत्न केला होता तोही इथे उघड झाला. दुचाकी दिसत नाहीत अशी कुणकुण लागल्यावर त्याने कार्डांची संवेदनशीलता वाढवली होती. काही दुचाकी दिसू लागल्या, आणि शेजारच्या लेनमधून जाणारे ट्रकही दिसू लागले. बेरीज पुन्हा जुळलेलीच राहिली.

पावसातला लूप

याच सुमारास पाऊस सुरू झाला आणि बाहेर जाणाऱ्या बाजूच्या कडेच्या लेनमधला एक लूप वेड्यासारखे मोजू लागला. उन्हात ठीक, पाण्यात तासाला अशक्य आकडे. मेगर लावला, इन्सुलेशन जवळपास उरलेच नव्हते. ते पहिल्या दिवसापासून कमी होते की नंतर पडले, हे कळायला मार्ग नव्हता. तक्त्यात रेघ होती. आधी चेंबरमधला जोड उघडून नव्याने केला, कारण बहुतेक वेळा दोषी तोच असतो. फरक पडला नाही. खाचेवर पाय दाबला की सीलंटच्या कडेने पाण्याचे बुडबुडे येत होते. मिस्त्रींना बोलावले नाही; आम्हालाच ऐकायचे नव्हते.

पुढे काय: तीन मते

कार्यालयातल्या वरिष्ठांचे मत, एक सुधारणा-गुणक काढा आणि तीन महिन्यांच्या आकड्यांना लावा. काम पुढे जाईल, रस्ता पुन्हा कापायला नको. ठेकेदाराचे मत, कामाची मापे आराखड्याप्रमाणे आहेत, लूप चालू आहेत, एक नादुरुस्त आहे तो बदलून देतो. दोघेही आपापल्या जागी चूक नव्हते.

गुणकाला आम्ही नकार दिला, आणि या प्रकरणात आम्ही नीट घेतलेला निर्णय असेल तर तो हा. पट्टीवरून चालण्याचे प्रमाण गर्दीप्रमाणे बदलते. दुचाकींचे प्रमाण पावसात पडते. रांग सुट्टीच्या दिवशी येत नाही. म्हणजे चूक दर तासाला वेगळी, आणि गुणक एकच. ज्या हंगामी फरकासाठी हे केंद्र उभारले, तोच फरक गुणकाने खोटा झाला असता.

बाहेर जाणारी दिशा आहे तिथेच ठेवायची, कारण तिथे रांग लागत नव्हती. येणाऱ्या दिशेचे लूप सोडून द्यायचे आणि नवे अडीचशे मीटरवर, पहिल्या आराखड्यातल्याच जागी, स्वतंत्र लहान कॅबिनेट आणि सौर पॅनेलसह घालायचे. ज्या पर्यायाला आधी ‘उगाच खर्च’ म्हटले होते तोच दुसऱ्यांदा रस्ता कापून केला.

नवे लूप वेगळे होते. साध्या चौकोनाऐवजी मधून आणखी एक खाच घेऊन तार इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवली. मधल्या खाचेत दोन्ही फेऱ्यांचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, तिथे क्षेत्र दाट होते आणि दुचाकी नीट दिसते. बाहेरच्या बाजूला ते लवकर विरते, त्यामुळे लूप २.४ मीटर रुंद करूनही शेजारच्या लेनमधला ट्रक आत डोकावत नाही. बाजूपट्टीवर एक अरुंद लूप दिला. आणि शेजारच्या दोन लूपवर जवळपास एकाच क्षणी दोन कमजोर सिग्नल आले तर एक गाडी, दोन जोरदार आले तर दोन, असा नियम यंत्रात घातला. कमजोर कशाला म्हणायचे, हे चित्रण समोर ठेवून तीनदा बदलले.

बाहेर जाणाऱ्या बाजूचा बिघडलेला लूप नव्या खाचेत घातला. जुनी खाच कोरली तेव्हा तार पाण्यातच होती.

निष्पत्ती

दुसरी स्वीकृती चाचणी एकूण आकड्यावर झाली नाही. चुकलेली वाहने, जास्तीची वाहने आणि चुकीच्या प्रकारात गेलेली वाहने यांना वेगवेगळे रकाने होते, आणि चाचणीत संध्याकाळची गर्दी, रात्र आणि एक पावसाळी तास असे तिन्ही घेतले. येणाऱ्या दिशेचे नवे लूप पास झाले. जाणारी दिशा एकूण मोजणीसाठी पास, दुचाकींच्या मोजणीसाठी नापास अशी नोंद झाली, आणि तशीच ती कार्यालयाने स्वीकारली. अर्धे पास करणारा अहवाल स्वीकारायला धाडस लागते. त्यांनी ते दाखवले.

पहिल्या तीन महिन्यांचे आकडे मागे घेतले. रात्री बारा ते पाचचे फक्त जाणाऱ्या दिशेचे, चालू लूपचे ठेवले. रुंदीकरण की वळणरस्ता, हा निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला, याचा राग अजून काहींच्या मनात आहे.

पुन्हा करायचे झाले तर

जागा ठरवण्याआधी संध्याकाळी तिथे उभे राहू. एवढे एक केले असते तर या लिखाणाचा निम्मा भाग नसता. वीज कुठे आहे हा प्रश्न शेवटी यायला हवा होता, तो आमच्याकडे पहिला आला आणि बाकीचे त्याच्या मागून चालत गेले.

पहिले काही आठवडे गाडीगणिक नोंद ठेवू, साठवण कितीही लागो. बेरीज नंतर कधीही करता येते, ती सोडवता येत नाही. स्वीकृती कशी होणार ते निविदेतच लिहू, नाहीतर ठेकेदाराला चाचणीच्या दिवशी नवा नियम दाखवणे अन्यायाचे होते, आणि आम्ही दुसऱ्या वेळी काही अंशी ते केलेच. संवेदनशीलतेचे बटण कोणी, कधी, किती फिरवले याची वही कॅबिनेटमध्ये राहील.

ओल्या खाचेचे काय? खरे सांगायचे तर पावणेतीन वाजता, पुढची परवानगी हातात नसताना, पुन्हा तोच निर्णय होणार नाही अशी खात्री देता येत नाही. म्हणून नव्या करारात एक राखीव रात्र आधीच मागून ठेवली होती. ती वापरावी लागली. दुसऱ्या रात्री साडेबाराला सर आली, मिस्त्रींनी खाचेत बोट घातले, आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही काही बोलायच्या आत माणसांना कटर गाडीत चढवायला सांगितले.

शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन दुचाकी एका लूपवर अजूनही एकच दिसतात. वार्षिक तक्त्याखाली तशी एक ओळ छापली जाते.